आवाजाचे मोजमाप

पुण्याहून पौडच्या रस्त्याने निघावे, पिरंगुट मागे टाकावे, की घोटावडे फाट्याच्या अंगाला भरे नावाचे गाव लागते. मुळशी तालुक्यातले हे गाव. माझा एक जुना विद्यार्थी तिथे राहतो आणि जवळच्याच एका कारखान्यात नोकरी करतो. गेल्या दिवाळीत त्याचा निरोप आला, "सर, आवाजाचं एक यंत्र घेतलंय. ऐकायला या."

आता मी पडलो इतिहासाचा मास्तर. यंत्रातले मला काय कळणार? पण गेलो. पाहतो तो काय, जेवणाच्या डब्याएवढी एक काळी पेटी. पुढे एक बटण आणि आकडे दाखवणारी एक लहानशी खिडकी. किंमत विचारली, तर एका चांगल्या दुभत्या म्हशीची! त्याची आजी ओसरीवरून म्हणाली, "म्हस दूध तरी देती."

त्या पेटीचे पूर्ण नाव डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर. शौकीन मंडळी तिला थोडक्यात डॅक म्हणतात. आकड्यांचा पुन्हा आवाज करणे, एवढेच तिचे काम. परंतु आवाजाचे आकडे मुळात झाले कसे, आणि ते करण्याची माणसाला गरज का पडली, हा प्रश्न इतिहासाचा आहे. आज त्याबद्दलच चार गोष्टी सांगणार आहे.

बोललेला शब्द वाऱ्यावर जातो, असे आपण म्हणतो. हजारो वर्षे ते खरेच होते. तुकोबांचे अभंग वहीत राहिले, पण तुकोबांचा गळा राहिला नाही. १८५७ साली पॅरिसमधल्या एदुआर लेओं स्कॉत द मार्तेंव्हिल नावाच्या गृहस्थाने काजळी धरलेल्या कागदावर आवाजाची रेघ उमटवण्याचे यंत्र केले. आवाज कर्ण्यात शिरला की पडदा हलायचा, पडद्याला लावलेला केस हलायचा आणि काजळीवर नागमोडी रेघ ओढली जायची. गंमत अशी, की ही रेघ पाहायची होती, ऐकायची नव्हती. ती पुन्हा वाजवता येईल, हा विचार त्या यंत्रात नव्हताच. तो मान १८७७ साली अमेरिकेतल्या एडिसनच्या फोनोग्राफने मिळवला. पुढे बर्लिनरने सपाट तबकडी काढली आणि ग्रामोफोन घरोघर गेला.

आपल्या देशात १९०२ च्या नोव्हेंबरात गायस्बर्ग नावाचा इंग्रज कंपनीचा माणूस कलकत्त्यास यंत्र घेऊन उतरला आणि त्याने गोहरजान यांचे गाणे तबकडीवर घेतले. एका बाजूला तीनएक मिनिटे, एवढाच तिचा जीव. तेवढ्या वेळात राग मांडायचा, तान घ्यायची आणि संपवायचे. तरीही त्या तबकड्यांनी केवढा ठेवा राखला! अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, बालगंधर्व १९६७ साली गेले, पण दोघांचाही आवाज आपण आज ऐकतो. उलट भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, त्यांच्या गाण्याची तबकडी आपल्यापाशी नाही. बालगंधर्वांना ज्यांनी शिकवले, त्या गुरूचे गाणे केवळ आठवणींत आणि शिष्यांच्या गळ्यात उरले. यंत्र वेळेवर आले की नाही, एवढ्याशा गोष्टीवर असे सगळे अवलंबून असते.

मग नभोवाणी आली. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, आणि पुण्याचे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी. १९५६ साली याच पुणे केंद्रावरून एक मोठा प्रयोग झाला. युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास कार्यक्रम लागायचा. मंडळी एकत्र बसून तो ऐकत, त्यावर चर्चा करीत, आणि आपले प्रश्न व मते केंद्राकडे लिहून पाठवीत. असे वीस कार्यक्रम झाले. पुढे १९५९ पासून ही श्रोतृमंडळे देशभर निघाली. पण नीट पाहा. केंद्राचा आवाज गावात आला, आणि गावाचे म्हणणे केंद्राकडे गेले ते कागदावरून. आवाज येतो शहराकडून आणि जातो तो कागद, अशी वाट फार दिवस चालत आली होती.

मुळशीचेच उदाहरण घ्या. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात पुढे होते. त्या लढ्याच्या बातम्या आणि पत्रके अभ्यासकाला वाचता येतात. पण ज्यांची शेते पाण्याखाली गेली, त्या घरांतल्या बायका पहाटे जात्यावर बसून काय गात होत्या, आणि कोणत्या चालीवर गात होत्या? तबकडीचे यंत्र त्या वेळी मुंबईत होते. जात्यापर्यंत ते पोचले नाही.

आता आकड्यांकडे वळू. रेघ काय किंवा तबकडी काय, दोन्ही घासतात, झिजतात. चुंबकी फीत आली, पण तिचीही नक्कल काढली की मूळ आवाजात थोडी खरखर वाढते. नकलेची नक्कल काढली, की आणखी वाढते. आकड्याचे तसे नाही. सातबाराच्या उताऱ्यावरचा क्षेत्राचा आकडा शंभरदा नीट उतरवून घेतला, तरी शंभराव्या नकलेतही तोच राहतो. मग आवाजच आकड्यांत लिहिला तर?

धरणाच्या भिंतीवर पाण्याची पातळी मोजणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. ठरावीक वेळी तो जातो, पातळी पाहतो आणि वहीत मांडतो. वर्षभराची ती वही हाती आली, तर पाणी केव्हा चढले, केव्हा उतरले, याची रेघ आपण घरी बसून काढू शकतो. आवाज म्हणजे हवेच्या दाबाची चढउतार. तिचीही अशी वही लिहिता येते, फक्त ती फार भरभर लिहावी लागते. अलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याला ही कल्पना पॅरिसमध्ये टेलिफोनचे काम करताना सुचली, आणि १९३८ साली त्याने तिचे पेटंट मागितले. त्या काळच्या दिव्यांच्या यंत्रांना हे काम परवडणारे नव्हते, म्हणून ती कल्पना बराच काळ कागदावरच राहिली.

किती भरभर मोजावे, याचे गणित अमेरिकेतल्या नायक्विस्ट आणि शॅनन या दोघांच्या नावाने ओळखले जाते. त्याचे सार असे : जेवढ्या वेगाची थरथर टिपायची असेल, तिच्या दुपटीहून अधिक वेळा मोजा, म्हणजे त्या मर्यादेतले काही निसटणार नाही. माणसाचा कान सेकंदाला फार तर वीस हजार कंपने ऐकतो. तेव्हा मोजणी चाळीस हजारांच्या वर हवी. १९८२ साली फिलिप्स आणि सोनी यांची कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली, तिच्यावर ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा आहे. हा विचित्र आकडा आला कुठून? तर सुरुवातीला आवाजाचे आकडे साठवायला चित्रफितीचीच यंत्रे वापरीत. चित्राच्या एका ओळीत तीन आकडे, एका खेपेत २४५ ओळी, सेकंदाला ६० खेपा. गुणाकार करून पाहा, ४४,१०० येतात. बैलगाडीच्या चाकोरीवरून पुढे सडक व्हावी, तसाच हा प्रकार.

किती वेळा मोजले, हे झाले. आता किती बारीक मोजले, हे पाहू. आणि इथेच डॅकचे खरे काम सुरू होते. वाडवडिलांची धान्य मोजायची मापे आठवा. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली आणि ही कोष्टके शाळेतून हळूहळू गेली. पण संगणकाच्या पोटात दुपटीचा हिशेब अजून चालू आहे.

समजा, ही सात मापे तुमच्यापुढे मांडली आहेत. प्रत्येक माप एकदा भरून ओतायचे किंवा मुळीच ओतायचे नाही, एवढीच मुभा. तर काही नाही इथपासून १२७ निळव्यांपर्यंत कोणतेही परिमाण तुम्हाला अचूक देता येईल. म्हणजे एकशे अठ्ठावीस पायऱ्या झाल्या. डिस्कवरचा प्रत्येक आकडा अशा सोळा मापांनी लिहिलेला असतो, तेव्हा पायऱ्या होतात ६५,५३६. जुन्या पद्धतीच्या डॅकमध्ये ही मापे म्हणजे विजेच्या रोधकांची एक शिडी असते. आकडा आला, की ज्या मापांपुढे एक आहे ती ओतायची, शून्य आहे ती ठेवून द्यायची. जमा होईल तेवढा विजेचा दाब पुढे पाठवायचा. हे सेकंदाला ४४,१०० वेळा.

हे यंत्र महाग का, ते आता ध्यानात येईल. सोळा मापांतले सर्वांत मोठे माप सर्वांत लहानाच्या ३२,७६८ पट असते. त्या मोठ्या मापातच एखाद्या निळव्याची खोट असेल, तर निळवे जपून मोजण्यात काय अर्थ? म्हणून मोठी मापे अतिशय काटेकोर हवीत, आणि काटेकोरपणाला पैसा पडतो. यावर दुसरीही तोड निघाली. जपानमध्ये इनोसे आणि यासुदा यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत ती मांडली, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती घरगुती यंत्रांत आली. फार मापे ठेवायचीच नाहीत. एखादेच लहान माप ठेवायचे, पण ते सेकंदाला लाखो वेळा ओतायचे आणि सरासरी बरोबर साधायची. आज तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्येही बहुधा याच कुळातला इवलासा डॅक बसलेला असतो. तो वाईट नसतो. महागाच्या पेटीत अधिक काळजी असते, अधिक शांतता असते. पण किंमत दहापट झाली म्हणून आवाज दहापट चांगला होतो, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

आता भऱ्याला परत जाऊ. विद्यार्थ्याने पेटी संगणकाला एका तारेने जोडली. पेटीतून दोन तारा आवाज वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरला गेल्या, एक डावीकडची आणि एक उजवीकडची. मी विचारले, "क्रम काही असतो का?" तो म्हणाला, "असतो की सर. चालू करताना ॲम्प्लिफायर शेवटी, बंद करताना तोच पहिला. नाहीतर कर्ण्यात धाडकन आवाज होतो." संगणकाला त्याने सांगून ठेवले होते, की आकडे जसेच्या तसे पाठव, मधे आपली अक्कल चालवू नकोस. पेटीच्या खिडकीत ४४.१ हा आकडा उमटला. याचा अर्थ, ज्या गतीने मोजले त्याच गतीने वाजत आहे. चांगल्या पेटीत आणखी एक सोय असते. तिच्यात स्फटिकाचे नेमके घड्याळ असते आणि संगणकाने आकडे ढकलण्याऐवजी ती स्वतःच्या तालावर ते मागून घेते. मोजमाप अचूक असून भागत नाही, ताल सांभाळावा लागतो, हे तबलजीला सांगायला नको.

पहिल्यांदा लावले तेव्हा गाण्याच्या मागे एक जाडसर गुणगुण ऐकू येत होती. पेटीला दोष देण्याआधी त्याने संगणकाचा चार्जर काढला. गुणगुण थांबली. दोष होता अर्थिंगचा. दोन वेगळ्या बोर्डांवरून वीज घेतली होती. दोन्ही यंत्रे अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावर आणली आणि काम झाले. शाळेत ध्वनिवर्धक गुणगुणतो, तेव्हा शिक्षकबंधूंनी हा उपाय आधी करून पाहावा.

मग तो म्हणाला, "सर, आता खरी गोष्ट." १९८४ साली त्याच्या वडिलांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर त्यांच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या घेतल्या होत्या. बारा वर्षांमागे शहरातल्या एका दुकानातून त्या कॅसेटचे आकडे करून आणले होते. ते त्याने लावले. जात्याची घरघर, बांगड्यांचा आवाज आणि त्यावर एका बाईचा गळा, सगळे खोलीत उभे राहिले. मी भारावून गेलो. ओसरीवरच्या आजी उठून दारात आल्या. क्षणभर ऐकले आणि म्हणाल्या, "ह्या आत्याबाई न्हवंत."

नातू चपापला. "अगं आजी, तुझीच सासू ती. तूच तर शेजारी बसली होतीस."

"बसले व्हते म्हणूनच सांगती. त्यांचा आवाज असा बारीक न्हवता. आन् त्या अशा घाईनं दळत न्हवत्या."

पेटी म्हशीच्या किमतीची, आणि ऐंशीच्या घरातली बाई तिला खोटे ठरवीत होती. आणि खरे कोण होते? आजी. नातवाने संगणकावर तपासून पाहिले. कॅसेट घेताना टेपरेकॉर्डर विजेवर चालत होता, म्हणून विजेची बारीक गुणगुण फितीवर उतरली होती. आपल्याकडे वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते. फितीवरची गुणगुण भरली त्रेपन्न. म्हणजे दुकानातल्या यंत्रावर कॅसेट जलद फिरली होती, आणि पणजीचा गळा चढून भलत्याच पट्टीत गेला होता. शिवाय आकडे दाबून लहान केलेले होते. जे आकडे गाळून टाकले, ते कितीही महागाचा डॅक परत आणत नाही. त्याला जे दिले तेच तो प्रामाणिकपणे वाजवतो, खोटे दिले तर खोटेही प्रामाणिकपणे.

इथे मला त्या पॅरिसच्या काजळीच्या कागदाची आठवण झाली. २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी स्कॉतची १८६० मधली एक रेघ संगणकावर मोजली, तिचे आकडे केले आणि ती प्रथमच वाजवली. कुणी मुलगी किंवा तरुण बाई गाणे म्हणते आहे, असे सगळ्या जगाला वाटले. वर्षभराने ध्यानात आले, की गती दुप्पट धरली गेली होती. त्या कागदावर स्कॉतने गाण्याच्या जोडीने नादकाट्याची रेघही ओढून ठेवली होती. तिचा अर्थ नीट लावला, तेव्हा ती मुलगी नाहीशी झाली आणि संथपणे गाणारा एक पुरुष निघाला, बहुधा खुद्द स्कॉत. पॅरिसमध्ये नादकाट्याने जे केले, ते भऱ्यात विजेच्या गुणगुणीने केले. फरक एवढाच, की भऱ्यात चूक आधी कानाने पकडली, आकडा मागून आला.

"मूळ कॅसेट कुठाय?" मी विचारले. नातवाचा चेहरा उतरला. संगणकात घेतली म्हणून ती रद्दीत गेली असणार, अशी त्याची समजूत होती. आजी आत गेल्या आणि पत्र्याच्या ट्रंकेतून, लुगड्याच्या घडीतून ती काढून आणली. "तू टाकली व्हतीस. मी उचलून ठेवली."

त्या रात्री टेपरेकॉर्डरची गती गुणगुण पन्नासवर येईपर्यंत जुळवली आणि काही न दाबता, न गाळता पुन्हा आकडे घेतले. मग ते वाजवले. आजी काही बोलल्या नाहीत. ओवी दुसऱ्या चरणावर आली, तेव्हा त्यांनी हलकेच सूर धरला. सासवासुना पुन्हा एका जात्यावर बसल्या.

श्रोतेहो, ही एका घरची गोष्ट झाली. मुळशीच्या डोंगरी गावांना या बाबतीत एक मोठे भाग्य लाभले आहे. मूळचे फ्रान्सचे पण इथलेच होऊन गेलेले गी पॉइटविन आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून या भागातल्या बायकांच्या सोबतीने जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. साने गुरुजींनी पूर्वी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या छापून मोठेच काम केले होते, परंतु छापलेल्या ओवीला चाल नसते. या मंडळींनी ओव्या लिहून घेतल्याच, आणि बर्नार्ड बेल या संगीतसंशोधकाच्या साहाय्याने सुमारे १२० तासांचे गायन ध्वनिमुद्रितही केले. मुळशीत सुरू झालेले हे काम महाराष्ट्रातल्या एक हजाराहून अधिक गावांपर्यंत गेले आणि ओव्यांची संख्या लाखावर पोचली. पॉइटविन २००४ साली गेले, राईरकर २०१० साली गेल्या. २०१७ पासून 'पारी' या संस्थेने हा ठेवा इंटरनेटवर सर्वांना खुला केला आहे. १९५६ साली गावाचे म्हणणे कागदावरून गेले होते. इथे गावाचा गळाच बाहेर गेला.

पण लाख ओव्या म्हणजे सगळ्या ओव्या नव्हेत. गिरणी आली तशी पहाटेची जाती थांबली. ज्यांनी जात्यावर बसून गायिले, त्या बाया आज सत्तर-ऐंशीच्या पुढे आहेत. शिक्षकबंधुभगिनींना माझे सांगणे एवढेच, की महागडी पेटी नसली तरी चालेल. मोबाइल पुरे. पंखा बंद करा, मोबाइल गाणाऱ्या बाईपासून हातभर अंतरावर स्थिर ठेवा, आणि दाबून लहान न केलेली प्रत ठेवा. सुरुवातीला तारीख, गाव आणि तिच्या संमतीने तिचे नाव तिच्याच तोंडून बोलून घ्या. प्रती दोन ठिकाणी ठेवा आणि जुनी कॅसेट असेल तर ती टाकू नका. आणि झाल्यावर ते तिलाच ऐकवा. बरोबर आहे का, हे सांगणारा त्या आवाजाचा जाणकार आज घरात बसलेला आहे. उद्या आकडे राहतील, पेट्याही अधिक चांगल्या निघतील, पण "ह्या आत्याबाई न्हवंत" असे सांगणारे कुणी राहणार नाही.

निघताना आजींना विचारले, "काय आजी, पेटी आवडली ना?"

त्या म्हणाल्या, "पेटी ऱ्हाऊ द्या. ट्रंक चांगली हाय."